उपाध्यांचं डच

श्यामकांत उपाध्ये हा गृहस्थ नऊ वर्षं डच भाषेवर जगला, आणि त्या नऊ वर्षांत त्याला डच भाषेतलं काही म्हणजे काही कळलं नाही. तुम्ही म्हणाल, काहीतरीच! पण शपथेवर सांगतो. सौदी अरबस्तानात रास तनुराला समुद्रातला गाळ उपसणारी एक डच कंपनी होती, तिच्या ऑफिसात हा टायपिस्ट. साहेबाने हाताने खरडलेला डच मजकूर घ्यायचा आणि मशीनवर बडवायचा. आत काय लिहिलंय, कोणाला शाबासकी आहे की कोणाला शिव्या आहेत, पत्ता नाही. पण कागद असा देखणा की फ्रेम करून लावावा.

ही नोकरी त्याला मिळाली तीच मुळी न कळण्यामुळे. मुंबईच्या एजंटाने एक्याऐंशी साली चौदा उमेदवारांना एक डच पान टाइप करायला दिलं. इंग्रजी येणाऱ्या तेरा हुशार पोरांनी ओळखीचा वाटेल तो शब्द आपल्या अकलेने सुधारून टाकला. श्यामकांतने अक्षराला अक्षर लावलं, अक्कल मध्ये आणलीच नाही. एकही चूक नाही. एजंट म्हणाला, "यू नो डच?" आणि श्यामकांतने मान अशी काही हलवली की तिचा अर्थ ज्याने त्याने आपापल्या सोयीने काढावा.

आता ही मान कुठली, तर गुहागरची. वडील भिक्षुक. त्यांनी मुलाला अथर्वशीर्ष शिकवलं ते मानगूट धरून. पोथीत अक्षराखाली आडवी रेघ असली की मान खाली दाबायची, डोक्यावर उभी रेघ असली की वर उचलायची. स्वर चुकला की पाठीत धपाटा. अर्थ विचारला तर वडील म्हणत, "अर्थ विचारणारे गावात पुष्कळ झालेत, नीट म्हणणारे उरले नाहीत. तू म्हण." श्यामकांत म्हणत राहिला. त्या मंत्रांचाही अर्थ त्याला आजतागायत ठाऊक नव्हता आणि त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं.

रास तनुराला आल्यावर पहिला महिना मात्र नाकी नऊ आले. ह्या डच लोकांना शब्द वेगळे लिहायची लाज वाटते की काय कोण जाणे! एकाला एक जोडत जातात. चोवीस अक्षरांचा एक शब्द, आणि तो नेमका ओळीच्या शेवटी यायचा. टाइपरायटरची घंटी वाजली की श्यामकांत तिथेच सुरी चालवायचा, पुढचं धूड खालच्या ओळीत. ऑफिसात तेव्हा एक डच सेक्रेटरीबाई होत्या. त्या लाल पेन्सिल घेऊन कागद रक्तबंबाळ करायच्या. शेवटी कंटाळून त्यांनी त्याला शेजारी बसवलं आणि दाखवलं, की बाबा रे, हा शब्द अखंड नाही, ह्यात दोन-तीन शब्द जोडलेत, तोडायचं तर सांध्यावर तोड. मध्ये एखादा 'स' चिकटलेला असतो, तो मागच्याचा, पुढच्याला देऊ नकोस. आणि वाचताना जोर बहुतेक पहिल्या शब्दावर द्यायचा, दुसऱ्यावर थोडा कमी, बाकीचं गिळून टाकायचं.

श्यामकांतच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अरे, हे तर आपलंच! सामासिक शब्द, पदच्छेद आणि वर स्वर! त्याने एक वही केली. प्रत्येक लांब शब्द देवनागरीत लिहायचा, सांध्यावर काट मारायची, जोराच्या अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ, गिळायच्या अक्षराखाली आडवी. 'व्है-लिख-हैट्स-फोर-स्ख्रिफ्-तन' म्हणजे सुरक्षेचे नियम. म्हणजे, अर्थ मी सांगतोय. श्यामकांतच्या वहीत अर्थाचा रकानाच नव्हता. 'व्है' उंच, बाकी मान खाली. काही शब्द आडमुठे असत. मेसच्या मेनूत दर बुधवारी येणारी 'बूरन-कोल' नावाची भाजी जोर शेवटी मागायची. 'ख-ब्राउक्स-आन्-वै-झिंग'मध्ये पहिला 'ख' नुसता तोंडदेखला, वजन 'ब्राउक्स'वर. असे आडमुठे त्याने वहीच्या मागच्या पानावर वेगळे बसवले. तीन वर्षांत साडेसहाशे शब्द झाले.

हळूहळू त्याचं वाचन असं तयार झालं, की सेक्रेटरीबाई मूळ कागद त्याच्याकडून मोठ्याने वाचून घ्यायच्या आणि टाइप केलेला स्वतः ताडून पाहायच्या. कुणी डच माणसाने त्याला डचमध्ये काही विचारलंच, तर तो दोनच शब्द वापरी: "या, या, प्रसीस." म्हणजे हो हो, अगदी बरोबर. जगातल्या कुठल्याही साहेबाला ह्याहून जास्त काही ऐकायचं नसतंच. त्यामुळे कंपनीत पक्कं झालं की उपाध्येला डच येतं. पगार वाढला, वेगळी खोली मिळाली. गुहागरला हेमलतावहिनींनी सगळ्या आळीत सांगितलं, "आमच्या ह्यांना डच सरकारच्या भाषेचं काम असतं." कॅम्पातली पोरं त्याला डचपंडित म्हणू लागली.

आणि श्यामकांतला एकच धास्ती. कधीतरी कुणीतरी अर्थ विचारील, पितळ उघडं पडेल, इकामा, म्हणजे तिथला राहण्याचा परवाना, रद्द होईल आणि पंचेचाळिसाव्या वर्षी धोतर नेसून लोकांच्या घरी सत्यनारायण सांगत फिरावं लागेल. ही धास्ती त्याने कुणालाही सांगितली नव्हती. जिवाभावाच्या शौकतलासुद्धा नाही.

शौकत हर्णैचा, कंपनीचा ड्रायव्हर. दोघांची दोस्ती सुक्या मासळीवरून झाली, म्हणजे शौकत भाजायचा आणि श्यामकांत दार लावून खायचा. शौकत त्याला भटजी म्हणे. शौकतची धाकटी मुलगी सुहाना पाच वर्षांची होती आणि त्याने तिला एकदाच पाहिलं होतं.

नव्वदच्या ऑगस्टात शेजारच्या कुवेतवर रणगाडे चालून आले आणि आठवड्याभरात कॅम्पातल्या गोऱ्या बायका-मुलांची विमानं सुटली. सेक्रेटरीबाई गेल्या, साहेबाची बायको गेली. आपल्या लोकांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. मायदेशी जायला एक्झिटचा शिक्का मागितला की कफीलचा, म्हणजे आपल्या अरबी जामीनदाराचा, माणूस म्हणे, "बुकरा, बुकरा." उद्या, उद्या. तो उद्या काही उजाडला नाही.

साहेबाचं नाव फान देर वेर्फ, कॅम्पभाषेत फानसाहेब. उंच, लालबुंद, नियमाचा पक्का. वाळूत एकटा मुतायला गेला तरी रांगेत उभा राहील असा. बायको गेली, उरलेले दोन डच इंजिनियर दिवसभर बोटीवर, त्यामुळे त्याच्याशी डचमध्ये बोलायला कुणी उरलं नाही. मग तो श्यामकांतला केबिनमध्ये बसवून पत्रं वाचायला लावी. पत्रं संपली तर जुने मेनू. डोळे मिटून ऐकत राही. एकदा 'बूरनकोल'वर त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. श्यामकांतला खरंच वाईट वाटलं. कशाबद्दल, ते अर्थातच कळलं नाही.

जानेवारीच्या सुरुवातीला हॉलंडहून गॅसमास्कची खोकी आली. फानसाहेबाचे आणि दोन डच इंजिनियरांचे तीन, आणि आपल्या लोकांसाठी अठरा. बरोबर एक कागद, अकरा वाक्यं, फक्त डच. मूळ पत्रकात म्हणे चित्रंही होती, पण हेड ऑफिसात कुणी काटकसरी महाभागाने झेरॉक्स काढताना चित्रांचं पान वगळलं होतं. कंपनीचा हुकूम असा, की ज्याने सूचना वाचल्या आणि त्याला त्या समजल्या, त्यालाच मास्क द्यावा. तोपर्यंत मास्क पिशवीत सीलबंद. सील विनाकारण फोडलं तर फॉर्म भरावा लागेल.

फानसाहेबाने श्यामकांतला बोलावलं. "उपाध्ये, तू त्यांना तुमच्या भाषेत समजावून सांग. मग प्रत्येकाने माझ्यासमोर एकदा वाचून दाखवायचं आणि सही करायची. माझ्याकडे वाचल्याचा पुरावा पाहिजे. जमेल?"

हाच तो क्षण होता. श्यामकांतने तिथल्या तिथे म्हणायला हवं होतं, की साहेब, मला ह्यातलं ओ की ठो कळत नाही, तुम्हीच पाच मिनिटं इंग्रजीत सांगा. पाच मिनिटांचं काम! फानसाहेबाने आनंदाने सांगितलं असतं. पण नऊ वर्षांची इभ्रत आडवी आली. श्यामकांत म्हणाला, "या, या, प्रसीस."

दुसऱ्या दिवसापासून मेसमध्ये पाठशाळा सुरू झाली. सतरा माणसं बाकांवर. कोणी केरळचा वेल्डर, कोणी आझमगडचा प्लंबर, शौकत, आणि स्वयंपाकी दत्तात्रय. श्यामकांतने फळ्यावर अकरा वाक्यं देवनागरीत लिहिली, काट मारून, स्वर लावून. मल्याळ्यांनी ती आपल्या लिपीत उतरवली. "सर ऊपर! सर नीचे! फिर से!" वडील अंगात आल्यासारखा तो शिकवत होता. त्याच्यासकट अठरा मुंडकी वर-खाली व्हायची आणि सगळी मेस घुमायची: "खास्-मास्-कर! लेव्हन्स-ख-फार!" बाहेरून जाणाऱ्या डच इंजिनियरला वाटलं, युद्धाच्या भीतीने हे लोक कसली तरी प्रार्थना करू लागले.

शौकत सगळ्यांत आधी तयार झाला. त्याचा घशातला 'ख' असा खणखणीत, की ऐकत राहावा. "आमचे मदरशातले उस्ताद एकेक अक्षर घशात कुठून काढायचं ते बोट ठेवून दाखवायचे," तो म्हणाला. "पण काय रे भटजी, ह्या चौथ्या वाक्यात आहे काय? ते आफ्-स्लाउट्-डॉप म्हणजे?"

"आधी उच्चार पक्का होऊ दे."

"तो झाला की."

"मग वाच पुन्हा. आफ्-वर जोर कमी पडतोय."

शौकतने पुन्हा वाचलं. दोस्तावर विश्वास होता त्याचा. आणि श्यामकांतने मनात काय ठरवलं होतं म्हणता? मास्क म्हणजे काय, तोंडाला लावायचा आणि पट्टा आवळायचा! त्याला कसला अर्थ लागतो? लहान पोरालाही कळेल. असं स्वतःला समजावून तो चक्क शांत झोपत होता.

अडला तो एकटा दत्तात्रय. लांज्याचा. चाळीस माणसांची डाळ अंदाजाने बिनचूक करणारा हा माणूस, पण जीभ काही वळेना. सगळी अक्षरं एकाच वजनाने, बाजारात भाव सांगावा तशी. मान वर न्यायची तिथे खाली. श्यामकांतने डोक्याला हात लावला.

"अरे दत्तू, काय हे! लक्ष कुठे आहे?"

"उपाध्येकाका, लक्ष हितंच हाय," दत्तात्रय म्हणाला. "पन जे मला कळत न्हाय ते माज्या तोंडात बसत न्हाय. काय करायचं त्यात सांगा ना."

"ते नंतर."

परीक्षेला फानसाहेब खुर्चीत बसला. एकेक जण आला आणि मान हलवत अकरा वाक्यं अशी म्हणून गेला, की साहेब हरखून गेला. शौकतचं ऐकून तर त्याने टेबलावर थाप मारली आणि हा नक्की ॲमस्टरडॅमला राहिलेला आहे असं जाहीर केलं. श्यामकांत धरून सतरा जणांनी 'वाचलं आणि समजलं' ह्या वाक्याखाली सह्या ठोकल्या. ते वाक्यही डचमध्येच होतं. सतरा मास्क वाटले गेले. दत्तात्रय तीनदा बसला आणि तीनदा नापास झाला. नियमाने त्याचा मास्क पुन्हा खोक्यात. फानसाहेबाने सहानुभूतीने त्याला एक टॉवेल दिला आणि भोंगा वाजला की तो ओला करून नाकाला लावायला सांगितलं.

श्यामकांतची कॉलर त्या आठवड्यात ताठ होती, खोटं कशाला बोलू. सतरा जणांना मास्क मिळवून दिले होते त्याने. लोक दुवा देत होते. आझमगडच्या प्लंबरने तर पाया पडायचंच बाकी ठेवलं होतं.

सतरा तारखेला बॉम्बफेक सुरू झाली. नंतरच्या एका संध्याकाळी, अजून उजेड होता आणि मेसमध्ये चहा चालला होता, तेव्हा भोंगा वाजला. तोवर रेडिओवर ऐकलेलं क्षेपणास्त्र आता आपल्यावर येतंय म्हटल्यावर सगळ्यांची पाचावर धारण बसली. पिशव्या टराटर फाटल्या. सतरा मास्क चढले, पट्टे आवळले गेले. खिडक्यांना टेप लावलेली होतीच. दत्तात्रय आत स्वयंपाकघरात चपात्या लाटत होता, त्याने टॉवेल भिजवून खांद्यावर टाकला आणि लाटणं चालू ठेवलं.

श्यामकांतने श्वास घेतला. आलाच नाही. पुन्हा ओढला. रबर गालाला चिकटलं, छाती आत गेली, पण हवा म्हणून आली नाही. त्याने आजूबाजूला पाहिलं. सगळेच मासळीसारखे तडफडत होते. आणि त्याच्या डोक्यात एकच गोष्ट आली, की गॅस आला! हाच तो गॅस! मास्कमध्येसुद्धा शिरतोय!

मग जो तो मास्क आणखी घट्ट दाबू लागला. शौकत बाकावरून खाली घसरला. त्याचा हात मास्क ओरबाडायला वर गेला. तो मास्क काढतोय, आता गॅसने मरणार, असं श्यामकांतला वाटलं. त्याने शौकतचा हात धरला, दाबून ठेवला, आणि दुसऱ्या हाताने त्याचा पट्टा होता नव्हता तेवढा जोर लावून आवळला. जीव तोडून आवळला हो! दोस्त वाचावा म्हणून. शौकतचे डोळे काचेमागे मोठे झाले, आणि पाय टाचा घासायला लागले.

तेवढ्यात दार उघडून दत्तात्रय आला. हाताला कणीक, खांद्यावर टॉवेल, नाक-तोंड उघडं. "चपात्या थंड होतायत, चहासंगं घेनार का न्हाय कोन?" असं म्हणत आला आणि बघतच राहिला. दोन-तीन जणांनी त्याच्याकडे पाहिलं. हा माणूस चांगला छाती भरून श्वास घेत होता!

"आरं, मरताय काय!" दत्तात्रय ओरडला. त्याने श्यामकांतला ढकलून बाजूला केलं आणि कणकेच्या हातांनी शौकतचा मास्क खेचून काढला. मग पुढच्याचा. मग त्याच्या पुढच्याचा. श्यामकांतने आपला स्वतःच काढला. हवेला कांदा परतल्याचा वास होता. बाकी काही नव्हतं. ते क्षेपणास्त्र कुठेतरी लांब वाळूत पडलं, हे नंतर कळलं.

शौकतला श्वास लागायला दहा मिनिटं गेली. पाणी प्याला. मग मास्क हातात घेऊन त्याने उलटापालटा करून पाहिला. पुढच्या डब्यावर एक लाल प्लास्टिकचं झाकण होतं. त्याने ते फिरवलं. ते निघालं. त्यातून पलीकडचं दिसलं नाही, पण फुंकर मारली तर गेली.

"हे कागदावर होतं?" त्याने विचारलं.

श्यामकांतचे ओठ आपोआप हलले. चौथं वाक्य. "फर-वै-डर द आफ्-स्लाउट्-डॉप..." जोर अगदी बरोबर जागी पडला.

"म्हणजे काय रे त्याचं?"

श्यामकांत तेच वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणू लागला. शौकतने त्याच्याकडे पाहिलं आणि शौकतला कळलं. नऊ वर्षांचं सगळं एकदम कळलं. त्याने शिवी दिली नाही, हात उगारला नाही. एवढंच म्हणाला, "माझा पट्टा तू आवळलास, श्यामकांत." भटजी म्हणाला नाही. उठला आणि आपल्या खोलीत गेला. कुणाला काही बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी चौकशी. फानसाहेबाचं डोकं नियमाने चालायचं. सतरा जणांनी सूचना वाचल्या, समजल्या, सह्या केल्या. उपाध्येसारख्या जाणकाराने त्या समजावून सांगितल्या. मास्क नवे कोरे. मग गोंधळ झाला कसा? खोलीत परीक्षा नापास असलेला एकच माणूस होता. त्याने दार उघडलं, सीलबंद खोलीत हवा आणली, धोक्याचा भोंगा चालू असताना प्रशिक्षित माणसांच्या तोंडावरचे मास्क ओढून काढले. झालं! चौकशी खलास. अकरा वाजता फानसाहेबाने हाताने लिहिलेला कागद श्यामकांतच्या टेबलावर ठेवला. "टाइप कर. तीन प्रती."

श्यामकांतने कागद मशीनजवळ टेकवला आणि सवयीने पहिला लांब शब्द तोडायला घेतला. 'ओ-व्हर-प्लात्-सिंग्स-ब्रीफ.' 'स'सकट सांध्यावर. जोर 'ओ'वर. घंटी वाजली, ओळ बदलली. पुढच्या ओळीत दत्तात्रयचं नाव होतं. आणि त्याच्या पुढे हफ्र अल बातिन.

नावं कुठल्याही भाषेत नावंच असतात. हफ्र अल बातिनला कंपनीचे चार तंबू होते, इराकच्या सरहद्दीच्या अगदी तोंडाशी, आणि तिथून रोज तोफांचे आवाज येतात असं ट्रकवाले सांगत. तिथे दत्तात्रय जाणार. बिनमास्कचा, टॉवेल घेऊन.

श्यामकांत उठला आणि केबिनमध्ये गेला. "साहेब, ह्या पहिल्या शब्दाचा अर्थ काय?"

फानसाहेबाला वाटलं थट्टा आहे. "बदलीचा हुकूम. तुला माहीत आहे की."

"नाही साहेब."

"काय नाही?"

"मला डच येत नाही." एकदा सुरू झाल्यावर तो थांबेना. "एक शब्द येत नाही. नऊ वर्षांत आला नाही. मी फक्त म्हणतो. त्या कागदावर झाकण काढा असं लिहिलंय, ते काल शौकतने काढलं तेव्हा मला कळलं. मी कुणाला काही समजावलं नाही, कारण मलाच समजलं नव्हतं. दत्तू आला नसता तर सतरा माणसं त्या मेसमध्ये मेली असती. माझ्या हाताने."

फानसाहेबाचा चेहरा आधी लाल झाला, मग पांढरा. "पण तू इतकं सुंदर वाचतोस," तो म्हणाला, आणि ते बोलताना त्याला खरंच दुःख झालेलं दिसलं. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोलणारा उरलासुरला माणूसही गेला होता.

तरी नियम तो नियम. तंबूंसाठी एक माणूस जायलाच हवा होता. फानसाहेबाने पेन उचललं, दत्तात्रयचं नाव खोडलं, वर दुसरं लिहिलं आणि कागद परत केला. खोक्यातला मास्क दत्तात्रयला द्यावा, असं खाली एक ओळ वाढवून त्याने ती मुद्दाम इंग्रजीत लिहिली.

श्यामकांतने मशीनवरचा अर्धा टाइप झालेला कागद ओढून काढला. नवा कागद चढवला, मध्ये दोन कार्बन. लांब शब्द सांध्यावर तोडला. दत्तात्रयच्या जागी श्यामकांत केशव उपाध्ये हे नाव टाइप केलं, पुढे हफ्र अल बातिन. एकही चूक नाही. नऊ वर्षांत त्याच्या हातून गेलेल्या हजारो डच कागदांत हा पहिला होता, जो त्याला पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत कळला होता.